मोरीवरच्या फडताळातला उपल

१.३१२ ग्रॅम

हे वजन निर्मला धागेच्या खड्याचं. भट्टीतून निघून आठवडाभर वसाहतीची हवा पिऊन झाल्यावर शालन कारेकरनं ते वहीत लिहिलं होतं. पुढची सगळी भानगड या आकड्यावरून झाली, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

शालनची प्रयोगशाळा म्हणजे चंद्रावरच्या पायथा वसाहतीतली अकरा बाय नऊ फुटांची खोली. पृथ्वीवर एवढ्या जागेत लोक चपला ठेवतात. इथे तेवढ्या जागेवर वसाहतीच्या शेतकी विभागाचा डोळा होता, कारण तिथे मेथीचे सहा वाफे बसले असते. पण शालनच्या खोलीत भट्टी होती आणि त्या भट्टीत उपल, म्हणजे ओपलचे खडे, वाढत होते.

हिरे-माणकं पृथ्वीवरून आणायला इथे बंदी होती, कारण यानात ग्रॅम ग्रॅम मोजून सामान चढे. मग शालननं तोडगा काढला. चंद्रावर एक वर्ष पुरं करणाऱ्या माणसाच्या घरासाठी जी माती खोदली असेल, त्याच मातीतली सिलिका वेगळी करून ती त्याच्यासाठी एक खडा वाढवी. खड्याला तिनं नाव दिलं चांद्रोपल, आणि देण्याच्या रीतीला लोकांनीच नाव दिलं वर्षखडा. पहिल्या सभेतच ठरलं होतं की वसाहतप्रमुखाला आणि भांडी घासणाऱ्याला खडा सारखाच मिळेल. एकच माप, एकच भट्टी, एकच पैलू. दोनशे बारा माणसं, दोनशे बारा खडे, आणि डावं-उजवं काही नाही.

म्हणून माती वाहणाऱ्या अवजड गाडीची चालक कुंदा मोहिते दोन अंगठ्या घेऊन आली आणि त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून उभी राहिली, तेव्हा शालननं हातातलं काम बाजूला ठेवलं.

एक अंगठी कुंदाची, दुसरी तिच्या शेजारणीची, निर्मलाची. दोघी तिसऱ्या ओळीत राहायच्या, एकाच महिन्यात आल्या होत्या. निर्मलाच्या खड्यात मोरपिशी, शेंदरी, गवती हिरव्या ठिणग्या नाचत होत्या. कुंदाचा खडा धुतलेल्या बाटलीच्या तुकड्यासारखा दिसत होता.

"तिची अंगठी मागून आणलीय," कुंदा म्हणाली. "ती तुमची मावसबहीण, हे मला ठाऊक आहे. एवढंच सांगा, शालनताई, मुद्दाम केलंत की चुकून झालं?"

तीन दिवसांनी जागावाटपाची सभा होती. कुंदानं तिथे लेखी तक्रार दिली होती. पक्षपात सिद्ध झाला असता, तर भट्टी थंड झाली असती आणि खोलीत मेथी उगवली असती. शालनला मेथी आवडायची, पण इतकी नाही.


जपणूक-पत्र
(प्रत्येक अंगठीबरोबर दिलेलं, सहसा कोणी न वाचलेलं)

कणीक मळताना, भांडी घासताना अंगठी काढावी व मोरीवरच्या फडताळात ठेवावी. अत्तर, तेल, साबण लावू नये. वाफेनं धुऊ नये. मऊ ओल्या फडक्यानं पुसावी. हा खडा ओल पितो. प्यायलेला असताना साधा दिसतो, कोरडा पडला की रंगतो. दोन्ही रूपं त्याचीच आहेत.


१.२०४ ग्रॅम

कोंदण उघडून शालननं दोन्ही खडे बाहेर काढले आणि तराजूवर ठेवले. कुंदाचा खडा वहीतल्या आकड्याला धरून होता. निर्मलाचा मात्र दहा-अकरा शतांश ग्रॅमनं रोडावला होता. शालनला हायसं वाटलं. घासून कमी झाला असता तर कडा बोथट दिसल्या असत्या, पण कडा जशाच्या तशा होत्या. गेलं होतं ते फक्त पाणी.

तिनं कुंदाला बसवून घेतलं आणि नीट समजावलं. उपल म्हणजे मोतीचुराहून बारीक काचमण्यांचे थर, एकावर एक रचलेले. मण्यांमध्ये फटी असतात. फटीत हवा असेल, तर प्रकाश मण्यातून हवेत, हवेतून पुन्हा मण्यात असा ठेचकाळत जातो आणि त्यातून रंग सुटे होतात. फटीत पाणी भरलं की काच आणि पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखंच. तो सरळ आरपार निघून जातो. चंद्रावरची धूळ अंगाला चिकटू नये म्हणून वसाहतीत हवा मुद्दाम दमट ठेवतात, म्हणून इथे सगळ्यांचेच खडे पाणी पिऊन बसलेले.

"म्हणजे तिचा खडा तहानलेला आहे," कुंदा म्हणाली.

"बरोबर. तू अंगठी कधी काढतच नाहीस. निर्मला पत्र वाचून रोज फडताळात ठेवते. तिचं फडताळ कोरडं असणार."

शालनला वाटलं, मिटलं. कुंदानं थोडा वेळ विचार केला. रोज चाळीस टनांची गाडी मागे घेणाऱ्या बाईला विचार करायची घाई नसते.

"सगळी वसाहत दमट," ती म्हणाली, "आणि तुमच्या बहिणीचंच फडताळ कोरडं. तिथे ओल शोषायची पुडी कोणी नेऊन ठेवली?"

शालननं पुडी ठेवली नव्हती, पण ठेवली नाही हे दाखवणार कसं? आणि कुंदाचा प्रश्न तर रास्त होता. फडताळ कोरडं का?


१.२०४, अजूनही

तिघी निर्मलाकडे गेल्या, म्हणजे शालन, कुंदा आणि कुंदाचा संशय. निर्मलाचं घर ओळीच्या टोकाला, वसाहतीच्या बाहेरच्या भिंतीला लागून होतं. तिनं दार उघडलं आणि तक्रारीचं कळल्यावर आधी दोघींना पापड खायला दिले. पापड कुरकुरीत होते. पायथ्यात पापड म्हणजे ओली चामडी. लोक ते तळायच्या आधी हात जोडायचे.

निर्मलानं अभिमानानं सांगितलं की आठ-दहा दिवसांपासून ती पापडाचा डबा मोरीवरच्या फडताळात ठेवते, अंगठीशेजारी. तिथे काहीही ठेवा, खडखडीत राहतं. कुंदानं फडताळ रिकामं करून कोपरा न् कोपरा चाचपला. पुडी नव्हती. तिची बोटं मात्र मागच्या फळीला लागून गारठली.

"फ्रीजची नळी काढलीय का इकडून?" तिनं विचारलं.

तशी नळी नव्हती. शालननं स्वतः हात लावला आणि मग तिला पापड गोड लागेना. पाण्याची एक सवय असते. बंद जागेत ते सगळ्यात थंड भिंत शोधतं आणि तिथे जाऊन गोठून बसतं. बाकीची हवा कोरडी पडते. खड्यातलं पाणी कुठे गेलं, हे तिला कळलं होतं. भिंत थंड का पडली, हे कळायचं होतं.

तिनं वायुरक्षक अन्वर मुजावरला बोलावून घेतलं. हवेचा दाब सांभाळणं हे त्याचं काम. अन्वर आला, मनगटावरचा दाबमापक पाहिला आणि म्हणाला की पूर्ण वसाहतीत हवेचा दाब केसभरही कमी नाही, गळती असती तर त्याला आंघोळ करतानासुद्धा कळलं असतं. फळी काढायला तो कुरकुरत होता. अकरा दिवसांपूर्वी चंद्रकंपाचा हलका धक्का बसला, तेव्हाही त्यानं सगळे आकडे तपासले होते.

"आकड्यांवर माझा विश्वास आहे," शालन म्हणाली. "पण माझा खडा शंभर मिलिग्रॅम पाणी हरवून बसलाय. ते मला दाखव."

फळी निघाली. मागे, बाहेरच्या कवचाला चिकटून, कलिंगडाच्या फोडीएवढा पांढरा बर्फ होता. अन्वरनं त्यावर विजेरी मारली. बर्फाच्या आत, कवचात, बोटभर लांबीची काळी रेघ दिसली.

अन्वर एकेक वाक्य तपासून घ्यावं तसा बोलू लागला. चंद्रकंपात बाहेरून रचलेली मातीची रास इथून घसरली असणार. मातीची दुलई गेली, चंद्राची पंधरवडाभराची रात्र चालू होती, कवच गारठलं आणि त्याला चीर गेली. हवा बाहेर पडू लागली, पण तिच्याबरोबर घरातली ओलही निघाली आणि चिरेतच गोठली. बर्फानंच भोक बुजवलं. म्हणून मापकाला काही कळलं नाही.

"मग चांगलंच झालं की," निर्मला म्हणाली.

"ताई, एकेचाळीस तासांनी इथे सूर्य उगवतो," अन्वर म्हणाला. "उघड्या कवचावर थेट ऊन. हा बर्फ वाफ होऊन निघून जाईल. सकाळी तुम्ही चहा ठेवत असाल."

निर्मलानं पापडाचा डबा छातीशी धरला. शालनला कुंदाकडे बघवेना, आणि कुंदा मात्र आधीच घड्याळ बघत होती.

"माती परत लोटायला मला सहा तास लागतील," कुंदा म्हणाली. "चीर बुजवायचा तुझा लेप सुकायला किती?"

"तीस."

"मग उभा काय राहिलास?"


वजन घेतलं नाही

तिसरी ओळ रिकामी केली. आठ घरांचे लोक गाद्या, डबे आणि एक पेटी घेऊन मोठ्या भोजनगृहात आले. तिथे दिवसभर पातेल्यांची वाफ, त्यामुळे वसाहतीतली सगळ्यात दमट जागा. कोंदणातून काढलेले दोन्ही खडे शालननं घाईत एकाच वाटीत टाकले होते, ती वाटीही इथेच, लोणच्याच्या बरणीशेजारी.

अन्वर आणि त्याचे दोन सहकारी बाहेर लेप लावायला गेले. तो सुकेपर्यंत थांबायचं होतं. नंतर कुंदा गाडी घेऊन गेली. भोजनगृहाच्या पडद्यावर तिच्या गाडीचे दिवे दिसत होते, पुढे-मागे, पुढे-मागे, अंगण सारवावं तशा शांतपणे. निर्मला मध्येच म्हणाली की ही बाई माझ्या घरावर माती टाकतेय आणि मला तिचे पाय धरावेसे वाटतायत. लोक हसले, पण पडद्यावरून नजर कुणी काढली नाही.

पाच तास अडतीस मिनिटांत रास पुरी झाली. कुंदा आत येऊन शिरस्त्राण काढते तोच पडद्यावर डोंगरकड्याच्या टोकाला पहिली पांढरी रेघ उमटली. अन्वर मापकाकडे बघत होता. सगळे अन्वरकडे बघत होते. ऊन पसरलं, माती तापली, तिच्या खालचा लेप जागच्या जागी राहिला. मापकाचा काटा हलला नाही, आणि या वेळी तो खरं बोलत होता, हे तपासायला अन्वरनं फडताळाची फळी पुन्हा काढून ठेवली होती. जाऊन पाहिलं तर आत बर्फ वितळून भिंत नुसती घामेजली होती.


?

सभा भोजनगृहातच भरली, कारण सगळे तिथेच होते. शेतकी विभागाचे लोक वाफ्यांचा नकाशा घेऊन आले होते, पण तो गुंडाळलेलाच राहिला.

आधी अन्वर उठला. त्यानं कबूल केलं की बर्फानं बुजलेली चीर त्याच्या एकाही यंत्राला दिसली नसती. हवा जातच नव्हती तर मोजणार काय? ती दिसली ती शालनताईंच्या खड्याला. त्याची मागणी अशी की बाहेरच्या भिंतीवरच्या प्रत्येक फडताळात एक चांद्रोपल बसवावा, आणि खडा चमकू लागला की त्या घरानं सगळ्यांना हाक मारावी. त्रेचाळीस खडे लागतील. भट्टी दोन पाळ्यांत चालवावी लागेल, तर खोली वाढवून मिळावी. हात वर गेले. मेथीला जिन्याखालची जागा द्यायचं ठरलं.

उरली कुंदाची तक्रार. लेखी होती, तिचा निकाल लागायलाच हवा होता. शालन वाटी घेऊन पुढे आली आणि ती कुंदासमोर ठेवली. वाटीत दोन खडे होते. तीन दिवस भोजनगृहाची हवा पिऊन दोन्ही निवांत, साधे, बाटलीच्या काचेसारखे. ठिणगी एकातही नव्हती.

अध्यक्षांनी कुंदाला तिचा खडा ओळखून घ्यायला सांगितलं. मग दुसऱ्याशी तुलना करता येईल.

कुंदानं एक उचलला, उजेडासमोर धरला. ठेवला. दुसरा उचलला. दोन्ही तळहातावर घेऊन वर-खाली केले. लोक ताटकळले. कुणीतरी मागून म्हणालं की गाडी मागे घेताना एवढा वेळ लावत नाही ही.

"शालनताई," ती शेवटी म्हणाली, "माझा कुठला?"

शालनलाही सांगता येईना. घाईत मिसळले ते मिसळले. वहीत दोन्ही वजनं होती, फरक फार तर तीन मिलिग्रॅमचा. तिनं तराजू आणवला, त्याची काच उघडली आणि हात पुढे केला.

कुंदानं मूठ मिटली. क्षणभर तिनं निर्मलाकडे पाहिलं. मग मूठ उघडून दोन्ही खडे तराजूवर नव्हे, वाटीत परत टाकले.

"माझ्या अंगठीत कोणताही बसवा," ती म्हणाली.