तारा सुटलेला पंप

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं. हे भर दुपारी घडलं. आमच्या गॅरेजमध्ये, माझ्या आणि दादाच्या डोळ्यांदेखत. यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना ती विकायची होती.

"थोडा वेळ उभी राहिली की हटून बसते, भाऊ," त्या दादाला म्हणाल्या. "गिऱ्हाईक परवा येणार आहे."

दादाने पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. मी किल्ली फिरवली. मागच्या सीटखालच्या टाकीत पंप क्षणभर गुणगुणला. काटा वर चढला. मी किल्ली काढली.

काटा तिथेच राहिला.

"प्रेशर तर टिकतंय," दादा म्हणाला.

मागच्या सीटवर बसलेल्या ताई फोन आला म्हणून उतरल्या. फाटकाबाहेर गेल्या...

आणि काटा सरसर शून्यावर आला.

गळती शोधली. पाइप कोरडे. इंजेक्टर कोरडे. पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

ताई परत येऊन बसल्या. मी पुन्हा किल्ली फिरवली. काटा चढला, टिकला. त्या बाहेर गेल्या...

शून्य.

"वजनाने एखादी नळी दबत असेल," दादा म्हणाला. "तू बस. त्यांच्या दुप्पट आहेस."

मी बसले. शून्य.

शेवटी पंपच बदलायचं ठरलं. ताई घरी गेल्या. आम्ही सीट उचलली, जुना पंप काढून ट्रेमध्ये ठेवला. तारा सुटलेल्या. मग जेवायला बसलो.

गुंऽऽऽ...

दादाचा घास हातातच राहिला.

ट्रे थरथरत होता.

मी फाटकाकडे पाहिलं. विसरलेली पिशवी न्यायला ताई आत येत होत्या.

पंप गप्प झाला. पण त्यांनी तो आवाज ऐकला होता. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"ते रोज माझ्या शिवणाच्या दुकानाबाहेर गाडीत बसून राहायचे," त्या म्हणाल्या. "मी दिसले की किल्ली फिरवायचे. मला कुठे एकटी सोडायचेच नाहीत."

"फार जीव होता हो तुमच्यावर," मी म्हणाले.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरच्या जुन्या व्रणावर बाही ओढून घेतली.

नवा पंप बसवला. काटा टिकला. गिऱ्हाईक आमच्याकडूनच गाडी घेऊन गेलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग पायीच निघाल्या. पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

फाटकाबाहेर दुरुस्तीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांच्या किल्ल्या गॅरेजच्या आत, खिळ्याला टांगलेल्या.

ताई पहिल्या गाडीजवळून गेल्या.

गुंऽऽऽ...

मग दुसरी.

मग तिसरी.

ताई थबकल्या. मागे वळल्या नाहीत. पिशवी छातीशी धरली आणि धावत सुटल्या.

आवाज त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेला. तिथल्या गाड्या तर आमच्या नव्हत्याच.

तेव्हापासून ताईंचं दुकान बंद आहे. फोन लागत नाही.

"गाव सोडून गेल्या असतील," दादा म्हणतो. "सुटल्या बिचाऱ्या."

पण जिथे गाड्याच नाहीत, असं गाव असतं तरी कुठे?