नुसती वाफ

"तिला सांग, मला तिच्या हातचं काही नको!" बाबा भिंतीकडे तोंड करून खोकत धाकट्या लेकाला म्हणाले, आणि वाफेसाठी आणलेलं गरम पाण्याचं पातेलं ताईच्या हातात तसंच राहिलं...

दिवसभर लाँड्रीत परक्यांचे कपडे इस्त्री करून तिचे खांदे भरून आले होते. पण त्या श्रमांपेक्षा बाबांचा हा कित्येक महिन्यांचा अबोलाच तिला जास्त थकवीत होता! भावंडांच्या सामाईक कपाटात बाबांना सिगारेटचं पाकीट सापडलं, तेव्हा त्यांनी धाकट्याचं कॉलेज बंद करू नये म्हणून "माझं आहे" असं तीच बोलून बसली होती. त्या दिवशी धाकट्याने तिचे पाय धरले होते. "सोडली, ताई! आता नुसती वाफ घेतो," म्हणत त्याने एक निळी नळी दाखवली होती. सर्दीला घेतात तीच ही वाफ, असं त्या भोळ्या जिवाने खुशाल मानून घेतलं, आणि पोराची छाती सुधारतेय म्हणून शेजारणीपाशी कौतुकही केलं!

बाबांनी ते कौतुक भिंतीआडून ऐकलं असावं. आता त्यांनी टेबलावर पडलेली धाकट्याची ती निळी नळी उचलली.

"हिच्या पाण्यापेक्षा ही वाफ बरी," असं म्हणून त्यांनी ती ओठांना लावली.

"बाबा, नको!" धाकट्याने झडप घालून नळी हिसकावली. "ती ई-सिगारेट आहे, त्यात निकोटिन आहे... सिगारेटमधलंच! आणि ते पाकीटही माझंच होतं. ताईने आळ स्वतःवर घेतला. माझी सुटली नाही हो... कॉलेजात सिगारेट, घरात ही. दोन्ही चालू आहेत!"

ताईला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं! "अरे, मग मी हे सगळं कशासाठी..." एवढंच ती पुटपुटली.

"सोडणं जमेल की नाही, माहीत नाही ताई," तो रडत म्हणाला. "पण आता तुझ्याआड लपणार नाही."

मग बाबा हळूच तिच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाणी निवलं का गं?"

इतक्या महिन्यांनी ते तिच्याशी बोलले होते!

"हो बाबा... पुन्हा तापवून आणते."

"तू बस. दमली आहेस." त्यांनी तिच्या हातातलं पातेलं काढून धाकट्याकडे दिलं. "तो तापवेल."

ताई बाबांच्या पायाशी बसली, आणि आत गॅस पेटल्याचा आवाज येऊनही उठली नाही.