भट्टीच्या उतारावरची सावली

मीराबाई शेजवळ रविवारी डोंगरावर जाऊन बसायच्या, आणि त्यांच्या मुलीला, संघमित्राला, त्यात काही वावगं वाटत नसे. भांडुपच्या त्यांच्या इमारतीतल्या बाकीच्या म्हाताऱ्या विहारात जायच्या, नाहीतर खालच्या कट्ट्यावर गप्पा मारायच्या. मीराबाई रिक्षा करून मुलुंडला जायच्या, वस्ती संपते तिथे उतरायच्या आणि पायवाटेने भट्टीच्या उतारावर चढायच्या. तिथे एका पळसाखाली पाय पसरून बसायच्या. त्यांच्या नवऱ्याला दुसरी कुठली जागाच नव्हती.

भट्टीचा उतार हे नाव कोळशाच्या भट्ट्यांचं. फार पूर्वी तिथलं जंगल तोडून कोळसा पाडला, तो मुंबईच्या चुलींत गेला. झाडं संपल्यावर गवत उरलं, ते तबेल्यांत गेलं. गवताखाली काळा दगड होता, म्हणून मग खदान आली, आणि डोंगराची अर्धी कूस उपनगरातल्या रस्त्यांखाली आणि भिंतींत गेली. बाहत्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आलेला मीराबाईंचा नवरा भीमराज शेजवळ त्या खदानीत सुरुंगाची भोकं पाडायचा. संघमित्रा पहिलीत असताना एका दुपारी खदानीचा कडा खाली बसला. भीमराज आणि त्याच्याबरोबरची माणसं आत राहिली. मालकाने थोडे दिवस यंत्र फिरवलं, मग वरून माती लोटली आणि धंदा बंद करून निघून गेला. एकाही घरी माणूस परत मिळाला नाही.

त्या मातीवर झाडं आली. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. आधी टणटणी आणि रुई, मग पांगारा, काटेसावर, मग पळस, आसाणा, ऐन, खडकाच्या फटीत उंबर. चाळीस वर्षांत पुन्हा जंगल उभं राहिलं. मीराबाईंनी लोकांची धुणीभांडी करून मुलीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. ती झाडांची पाहणी करणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागली, आणि एक दिवस टेबलावर भट्टीच्या उताराचंच काम आलं. तिथे टॉवर उभे करायचे होते. त्याआधी ती जमीन जंगल आहे की नाही, ते कुणीतरी सांगायचं होतं.

संघमित्राने ते काम मागून घेतलं. तिला वाटलं, आपणच लिहिलं तर डोंगर वाचेल. आठवडाभर ती काट्यांत फिरली. झाड न् झाड पाहिलं, खोडांचे घेर मोजले आणि स्वच्छ शब्दांत लिहून दिलं, की हे वन आहे.

पुढे गेला तो अहवाल वेगळाच होता. 'बंद खदान. खडकाळ पडीक जमीन. तुरळक झुडपं.' खाली कंपनीचा प्रमुख म्हणून अनिरुद्धची सही होती. अनिरुद्ध म्हणजे कॉलेजात तिच्या शेजारी बसून कविता करणारा, तिच्याच डब्यातली भाकरी खाणारा अनिरुद्ध.

"तू बदललंस?" ती त्याच्या केबिनमध्ये उभीच राहिली.

"बस ना आधी."

"बदललंस का, ते सांग."

"मित्रा," त्याने कॉलेजातल्या नावानेच हाक मारली, "सरकारी नकाशात ती जमीन खदान आहे. आजही. खदानीत जंगल कुठून दाखवू मी?"

"डोळ्यांनी दाखव! जाऊन बघ ना एकदा. गेलायस तू तिथे?"

"गरज काय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "आपण नाही म्हटलं, तर दुसरा कोणी लिहून देणार होता. झाडं वाचली नसतीच यार. आपलं काम मात्र गेलं असतं."

"माझा बाप आहे त्याखाली."

अनिरुद्धला हे माहीत नव्हतं. पण मान खाली घालून तो पुढे जे बोलला, ते ती विसरली नाही. "मग तर बरंच झालं ना. पाया खणतील, तेव्हा निदान हाडं सापडतील."

तिने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. हात वर गेला होता. मग तिने तो परत ठेवला, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून त्याच्यासमोर टाकलं आणि निघून आली.

तक्रारी, अर्ज, फोन, सगळं करून झालं. जो तो म्हणाला, बाई, कागदावर तर झुडपं आहेत. लागून आलेल्या सुट्ट्यांत उतार साफ झाला. वैशाख सुरू झाला होता.

आईला तिने काही सांगितलं नाही. तापलेल्या तव्यासारखा तो माळ आईने बघू नये, म्हणून रविवारी तिने कसली कसली कारणं काढली. मीराबाईंनी ती ऐकून घेतली आणि दुपारी ती झोपलेली पाहून एकट्याच गेल्या.

उन्हं कलताना त्या परत आल्या. दारात संघमित्रा चप्पल घालूनच उभी होती.

"आई, अगं चक्कर आली असती तर? काय राहिलंय तिथे बसायला?"

"ओरडू नको. बरं वाटलं बघ लई." मीराबाईंनी कपाळावरून पदर मागे घेतला. "सावली दाट हाय औंदा."

संघमित्राने आईचा हात धरला. हात गार होता. मान, कानामागची कातडी, सगळं माठाला लावल्यासारखं गार. आणि पदराच्या चुण्यांतून एक मुंगळा बाहेर येऊन फरशीवर उतरला.

आईचं डोकं चाळवलं, असंच तिला आधी वाटलं. झाडं गेल्याचं तिच्या मनाने घेतलंच नसेल. हे पापही झाडं तोडणाऱ्यांच्याच माथी, असं मनात म्हणत ती रात्रभर कूस बदलत राहिली.

पुढच्या रविवारी ती आईबरोबर गेली. पायवाटेच्या तोंडाशी आता पत्रे ठोकले होते. फाटकावर चंद्रप्रकाश परब नावाचा वॉचमन होता, मूळचा कणकवलीकडचा, पन्नाशीचा. त्याने मीराबाईंना पाहून मुकाट्याने फाटक उघडलं. संघमित्रा मागोमाग निघाली तसा तो आडवा आला.

"आजयेक मी अडवनंय नाय. पण तुमी आत जाव नकात, बाय."

"का?"

त्याने मागे वळून उताराकडे पाहिलं. "जेसीबीवाले पण दुपारचे त्या बाजूक जाणत नाय. खांबाचो कॉंक्रीट घातल्यानी हा, तो अजून सुकाक नाय. ह्या उन्नात." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी हय पोटासाठी हंय. माका काय विचारू नकात."

ती त्याच्या बाजूने पुढे गेली.

उतार सोललेला होता. लाल मुरूम डोळ्यांत खुपत होता. बुंधे जमिनीसरशी कापलेले, काही मुळासकट उपटून एका कडेला रचलेले. चिकाचा आणि डिझेलचा वास येत होता. किलबिल नाही, पान नाही. वर निखळ, पांढरट आकाश आणि त्यात एक घार. मीराबाई पुढे चालत होत्या. सवयीच्या जागी आल्यावर त्या वाकल्या, जणू खालची फांदी चुकवली, आणि पाय पसरून बसल्या.

संघमित्रा आणखी थोडी पुढे गेली आणि तिच्या डोक्यावरचं ऊन गेलं.

ढग आला असेल म्हणून तिने वर पाहिलं. सूर्य समोर होता. डोळे दिपले. खाली पाहिलं तर मुरुमावर पानं हलत होती. पानं नव्हती, त्यांच्या सावल्या होत्या, एका देठाला तीन तीन. पळस. पलीकडे अरुंद लांबट, ती ऐनाची. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी सावल्या सावकाश मागेपुढे होत होत्या. वैशाखात ऐनावर पान नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथे श्रावणासारखी गर्द सावली पडली होती. ओल्या मातीचा वास होता. दंडावर काटा आला.

तिने स्वतःची सावली शोधली. ती त्यात मिसळून गेली होती.

"आई, ऊठ."

"बस की जरा." मीराबाईंनी शेजारची जमीन थोपटली. "समदे हायेत हितं. त्ये बी हायेत."

संघमित्राला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. ही माणसं गाडली ती फुकट, त्यांच्यावर झाडं आली तीही फुकट गेली, आणि आता उरलं काय, तर हे. आणि तेही एका म्हातारीशिवाय कुणी बघायला येत नाही. ज्याने 'झुडपं' लिहिलं, त्याला दिसलं पाहिजे. त्याच्या अंगावर पडलं पाहिजे. हे ती मोठ्याने बोलली की मनातल्या मनात, ते तिला नंतर आठवेना. सावली मात्र तेवढ्यात हलायची थांबली होती.

तिने तिथूनच अनिरुद्धला फोन केला.

"तू एकदाही आला नाहीस इथे. ये. मी तक्रार मागे घेते, पण तू इथे येऊन उभा राहा."

मधल्या वारी, भर दुपारी तो आला. पांढरा शर्ट, काळा चष्मा, खाली रस्त्यावर गाडी चालूच ठेवलेली. मीराबाई घरी होत्या. चंद्रप्रकाश फाटकापाशीच थांबला.

"कुठे उभं राहायचं?" अनिरुद्ध हसून म्हणाला.

तिने हात केला. तो चालत गेला.

आत शिरताच त्याने चष्मा काढला. वर पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

"हे काय आहे?"

"झुडपं," ती म्हणाली.

तो हसला नाही. बुंध्यांच्या मधून इकडेतिकडे बघत राहिला. मग एकदम मागे फिरला आणि भराभर उन्हात आला.

सावली त्याच्या शर्टावर होती.

त्याने मुंगळे झटकावेत तसा हात फिरवला. तीन तीन पानं त्याच्या छातीवरून हातावर आली, हातावरून परत छातीवर गेली.

"मित्रा, काढ हे."

तो धावत सुटला. मुरुमावरची ती सगळी गर्द चादर घसरत, गोळा होत त्याच्या मागे निघाली. पत्र्यांपाशी ती त्याच्या टाचांना मिळाली.

गाडीचं दार लागलं.

उतारावर लख्ख ऊन पडलं होतं.

त्या रविवारी मीराबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा भाजून निघाला होता, ओठ फुटले होते. संघमित्राने त्यांना पंख्याखाली बसवलं, कांद्याचा रस लावला. मीराबाई शहाण्यासारख्या बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कुणीच न्हाई गं तिथं आता. कोण घिऊन गेलं?"

संघमित्राला वाटलं होतं, आपण अनिरुद्धला शिक्षा देतोय. आईचं होतं नव्हतं तेही आपण त्याच्या हवाली केलं, हे तिला आता कळत होतं.

टॉवरचं काम जोरात सुरू झालं. कॉंक्रीट झकास सुकत होतं. मीराबाई जेवेनाशा झाल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. आणि एके सकाळी अनिरुद्धच्या बायकोचा, श्रुतिकाचा, फोन आला. ती रडत होती. "तुम्ही त्यांना शेवटचं कुठे नेलं होतंत? डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. अंग बर्फ झालंय हो त्यांचं."

संघमित्रा घाटकोपरला निघाली. आईला एकटं सोडवेना, म्हणून तिलाही बरोबर घेतलं.

सातव्या मजल्यावरचा फ्लॅट होता. अनिरुद्ध पूर्वेच्या गॅलरीत, उन्हात खुर्ची टाकून बसला होता. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर. लाद्या तापल्या होत्या, कुंडीतली तुळस कोमेजली होती. खुर्चीभोवती मात्र जमीन ओलसर, काळपट होती. त्याच्या सबंध अंगावर सावली होती, आणि ती दाटत चालली होती. गालावर, कपाळावर, पानांच्या मधून उन्हाचे थोडेसेच कवडसे उरले होते.

"आधी पुष्कळ होते," श्रुतिका कुजबुजली. "रोज कमी होतात."

"मित्रा," तो म्हणाला. आवाज खोल जागेतून आल्यासारखा होता. "चुकलं माझं. परत ने ना हे."

कॉलेजातला अनिरुद्ध तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने आपल्या आत कीव शोधून पाहिली. तिथे केबिनमधलं ते एक वाक्य होतं, 'निदान हाडं सापडतील', आणि त्याच्या पलीकडे काही नव्हतं. स्वतःचीच तिला भीती वाटली.

"कसं न्यायचं, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

मीराबाई तोवर आत आल्या होत्या. कुणी काही सांगायच्या आधीच त्या गॅलरीच्या दारात वाकल्या, पुढे झाल्या आणि खुर्चीशी जमिनीवर पाय पसरून बसल्या. कित्येक दिवसांनी त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचा ताण गेला. पाठ त्यांनी अनिरुद्धच्या पायांना टेकवली, खोडाला टेकवावी तशी.

"हितं हायेत व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वर बघून, मायेने, "हलू नको बरं, पोरा."

अनिरुद्ध हलला नाही.

श्रुतिका चहा टाकायला आत गेली. संघमित्रा दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. एक मोठा कवडसा अजून त्याच्या डाव्या डोळ्यावर होता. त्यात बुबुळ तपकिरी, जिवंत दिसत होतं आणि तिच्याकडेच वळलेलं होतं. वारा नव्हता. तीन पानांची एक सावली गालावरून सावकाश वर सरकली आणि त्या डोळ्यावर येऊन थांबली.