खाचेचा चाकू की खटक्याचा?

बद्ध जीव डोळ्यांसमोर तडफडत असावा, आपल्यापाशी धार असावी, आणि तरीही आपण स्वस्थ बसावे, तर बांधणाऱ्याच्या पापात आपलाही वाटा पडतो. चिखलीतल्या आमच्या सोसायटीमागे इंद्रायणीच्या पात्रात एक लहानसे बेट आहे. त्यावरच्या बाभळीत, संक्रांतीच्या मांज्यात पंख गुंतलेला एक बगळा मला गच्चीवरून दिसला, तेव्हा हा विचार मनात स्थिर झाला. त्याला सोडवून आणणे, हे आमच्या मोहिमेचे मुख्य प्रयोजन.

दुसरे प्रयोजन गौण होते. दर्भ छाटण्यास, लिंबू चिरण्यास, पुडीची दोरी तोडण्यास मला खिशात एक लहानसा चाकू नित्य लागतो. माझा जुना चाकू हरवल्याचे कळताच, माझ्याकडे गीता शिकायला येणाऱ्या दोघांनी दोन चाकू आणले. सयाजी हा जुन्या गावातला, म्हशी राखणारा. त्याचा चाकू शिसवी मुठीचा, बोटाएवढा. पाते खाचेत नख घालून ओढायचे. सुजित चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याचा चाकू काळाकभिन्न. पात्याच्या मुळाशी करवतीसारखे दाते. अंगठ्याने गुंडी ढकलली की पाते उघडे आणि खटक्यात पक्के बसे.

दोघांत उघड वैर होते. सोसायटीची नवी भिंत सयाजीच्या म्हशींच्या पाणवाटेवर उभी राहिली होती, आणि सुजित सोसायटीचा सेक्रेटरी!

"गुरुजी, त्यो काळा चाकू म्हंजी गुंडाचा," सयाजी म्हणाला. "खिशात ठिवून देवळात जाल का तुमी?"

"आणि तुमचा? दात कोरायलाच बरा," सुजित म्हणाला.

"कामाचा तरी हाय माझा. तुमच्यावानी दुसऱ्याच्या वाटंत भिंती घालत न्हाई!"

मी निर्णय दिला. मोहिमेत प्रत्येकाने दुसऱ्याचा चाकू वागवावा, कारण आपल्या वस्तूचा दोष आपल्याला दिसत नाही. जो चाकू तेथे उपयोगी ठरेल, तो माझ्या खिशात राहील. दोघांनाही ते रुचले नाही. परंतु माझ्या शब्दाखातर चाकूंची अदलाबदल झाली. शिसवी सुजितच्या खिशात गेला, काळा सयाजीच्या.

कारखान्यांतून येणारे निळे पिंप बांबूंना बांधून, वर फळी ठोकून सयाजीने तराफा केला होता. सकाळी आम्ही निघालो. मी मधोमध बसलो, सयाजी लांब बांबू रेटत होता आणि सुजित हातांनी जलपर्णी बाजूला सारत होता. ती नदी कसली, हिरवे रानच ते! देठात देठ गुंफलेले, वर जांभळी फुले, खाली काळे पाणी आणि त्याचा नाक जाळणारा दर्प. हाताच्या प्रत्येक रेट्याला वनस्पती विरोध करी. सरकलेली जागा मागे पुन्हा मिटून जाई. डासांचे थवे कानांशी घोंगावत होते. पाण्यावरचा फेस वाऱ्याने उडून चेहऱ्यावर येई आणि डोळे चुरचुरत. ज्या तीर्थाचे मी रोज सकाळी नाव घेतो, त्याचे हे रूप पाहून मी मान खाली घातली.

"बघा गुरुजी," सयाजी म्हणाला, "असल्या पाण्यापातूर यायची बी वाट आमच्या म्हशींना न्हाई ठिवली ह्या सायबांनी."

"भिंत ठरावाने बांधली आहे!" सुजित हात नाचवत उठला. "मी एकट्याने—"

तराफा कलला. सुजित पाण्यात!

क्षणभर हिरव्या पानांत त्याचे डोके दिसेना. मग ते वर आले. सयाजीने बांबू माझ्याकडे फेकला, फळीवर पालथे पडून त्याचे डावे मनगट पकडले आणि ओढले. सुजित हलला नाही.

"पाय! पायात जाळं आहे!"

कुणीतरी टाकून दिलेले मासेमारीचे जाळे तळाशी कशात तरी रुतले होते. त्याच वेळी वाऱ्याने मागची जलपर्णी सुटली. ती प्रचंड हिरवी लादी आमच्यावर सरकू लागली. तराफा पुढे रेटला जाऊ लागला. खाली जाळे ओढते, वर सयाजी ओढतो, आणि मधे सुजित! लादी त्याच्या खांद्यांवर चढली. मी सारे बळ एकवटून बांबू चिखलात रोवला आणि त्यावर अंग टाकले.

"चाकू काढा!" मी ओरडलो.

सुजितने मोकळ्या हाताने शिसवी चाकू काढला. पण खाचेत नख घालायला दुसरा हात कुठून आणावा? तो सयाजीच्या मुठीत होता! त्याने मूठ हातात धरून पाते दातांत पकडले. ओले पोलाद निसटले. चाकू ओठाला लागून पाण्यात गेला.

"चाकू बुडाला..." सुजित ओरडला.

सयाजीने एका हाताने काळा चाकू काढला, आणि तो सुजितच्या हाती न देता फळीवर ठेवला!

धारेची वस्तू हातोहात देऊ नये, भांडण होते, हे आम्हा सर्वांच्या हाडीमासी मुरलेले. फळी ओली. तराफा तिरका. चाकू घसरला! सयाजीने तळहाताचा फटका मारून तो अगदी कडेला दाबून धरला.

"हातात द्या!" सुजित ओरडला.

"धार हातात देत न्हाईत! भांडान हुतं!"

"आता आणखी कुठलं भांडण व्हायचं राहिलंय, सयाजीराव?"

सयाजीने चाकू सुजितच्या तळहातावर आपटला. सुजितच्या अंगठ्याने गुंडी ढकलली. खट्! सुजितने दीर्घ श्वास घेतला आणि डोके पाण्याखाली गेले. वर दिसत होते फक्त सयाजीच्या मुठीतले मनगट. बांबू वाकला. मी मनातल्या मनात एकच नाम धरून राहिलो. मग मनगट हिसकले, सयाजीने ओढले, आणि सुजित जाळ्याची चिंधी पायात घेऊन फळीवर आला! चाकू त्याच्या मुठीत होता.

आम्ही बेटावर पोचलो. बगळा जिवंत होता, आणि कृतज्ञ मुळीच नव्हता. सयाजीने पंख उलगडून धरले, तेव्हा बगळ्याने त्याच्या मनगटावर चोच मारून रक्त काढले. त्या नाजूक कामाला शिसवी चाकूच हवा होता. काळ्याचे टोक फार जाड. सुजितने श्वास रोखून त्याच काळ्याने एकेक दोरा तोडला. बगळा काही पावले लंगडला, थांबला, आणि पाण्यालगत उडत पलीकडे गेला.

परतताना सयाजी म्हणाला, "पैज तुमी जिकली, सायेब. माझा तर बुडाला."

"माझ्या हातून बुडाला. दुसरा आणून देतो."

"चाकू नगं. भिंतीला फाटक द्या."

"त्याला सभा बोलवावी लागेल."

"मंग बोलवा की! पाण्यात हात धरायला म्या सभा बोलावली हुती व्हय?"

ओठाचे रक्त पुसत सुजितने त्या भिंतीकडे पाहिले. मग पुटपुटला, "रविवारी बोलावतो."

"बगू," सयाजी म्हणाला. आवाजातली धार गेली नव्हती.

काठावर उतरल्यावर सुजितने काळा चाकू मिटून, सवयीने, माझ्यापुढे दगडावर ठेवला. मी तो उचलला नाही. हात पुढे केला. त्याने हसून तो हातात दिला. तो मी खिशात ठेवला. शिसवी चाकू अधिक देखणा होता, लिंबालाही अधिक योग्य. परंतु माणसाचा एक हात कधी दुसऱ्याच्या हातात असेल, हे त्याच्या घडवणाऱ्याने गृहीत धरले नव्हते.

त्या दोघांचे कल्याण असो. बगळ्याचा पंख भरून येवो, म्हशींना वाट मिळो, आणि माझ्या खिशातल्या या धारेला दर्भ, लिंबू आणि दोरी यांपलीकडे काही कापण्याची वेळ पुन्हा न येवो.