तीन राजांचा पट

शाल्मलीने पट फिरवून फिरवून पाहिला. तो बुद्धिबळाचा होता, कारण घरं काळी-पांढरी होती. पण त्याला बाजू सहा होत्या आणि मध्याकडे जाताना घरं तिरपी होत गेली होती. डब्यात सोंगट्याही तीन रंगांच्या होत्या: पांढऱ्या, काळ्या आणि तांबड्या.

"आप्पा, हा चुकीचा छापला गेलाय," ती म्हणाली.

"नीट बघ. राजे किती आहेत?"

"तीन. पण तीन राजे कोण खेळवणार? आपण तर दोघंच आहोत."

आप्पा म्हणजे तिच्या आईचे वडील. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वेधशाळेत ते चंद्रकंपांचा (चंद्राच्या पोटात होणाऱ्या थरथरीचा) अभ्यास करत. तिथे बाकी सगळी मोठी माणसं होती आणि ती आपापल्या कामात असत. शाल्मलीच्या वयाचं कुणीच नव्हतं. जेवण झालं की ती खिडकीशी बसे. बाहेर राखाडी माती आणि काळं आकाश, दुसरं काही नाही.

तिची आई लघुग्रहांच्या पट्ट्यात गेलेल्या यानावर होती. सुरुवातीला दोघी रोज बोलत. मग यान दूर गेलं आणि मध्ये प्रकाशविलंब (लांबच्या प्रवासात संदेशाला लागणारा वेळ) येऊ लागला. "आई, आत्ता काय करतेयस?" असं शाल्मलीने एकदा विचारलं. जेवण होऊन भांडी पुसून झाली, तेव्हा कुठे उत्तर आलं, आणि तोवर ते 'आत्ता' संपून गेलं होतं. त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. आईचे संदेश येत, ती ऐके आणि बंद करी.

"तांबडी फौज तुझ्या आईची," आप्पा म्हणाले. "बोलताना वाट बघणं जड जातं. बुद्धिबळात तशीही वाट बघावीच लागते."

शाल्मलीने पांढऱ्या सोंगट्या मांडल्या.

आप्पांनी नियम सांगितले. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा पट, म्हणजे चार आडव्या ओळी आणि आठ उभ्या रांगा. त्यात नेहमीसारखीच फौज. असे तीन अर्धे मध्यभागी एकमेकांना जोडलेले. चाल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणार: आधी शाल्मली, मग आप्पा, मग आई.

"म्हणजे माझ्या डाव्या चार रांगा तुमच्याकडे निघतात आणि उजव्या चार आईकडे," शाल्मली बोटाने रांग धरत म्हणाली.

"बरोबर. हत्ती घराच्या एका कडेने आत शिरला की समोरच्या कडेने बाहेर पडतो. रांग वाकली तरी त्याने ती सोडायची नाही. आता उंट मध्यापर्यंत ने."

पटाच्या मधोमध सहा घरांचे कोपरे एकत्र येत होते. तीन घरं पांढरी, तीन काळी. शाल्मलीने उंट तिरपा सरकवला आणि थांबली. "इथून त्याच रंगाची दोन घरं पुढे आहेत. एक तुमचं, एक आईचं."

"मध्यावर उंटाला दोन वाटा फुटतात. कुठली घ्यायची ते तू ठरवायचं. आणि शेवटचा नियम: जो आधी मात (राजाला सुटकाच उरणार नाही असा हल्ला) देईल तो जिंकला. बाकीचे दोघंही हरले."

आप्पांनी आईलाही नियम कळवले आणि डाव सुरू झाला. आईची पहिली चाल आली तीच मुळी झोपायच्या वेळेला. तिने चालीसोबत निरोप पाठवला होता: "शालू, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. तू कशी आहेस?" शाल्मलीने प्यादं हलवलं. निरोपाला उत्तर दिलं नाही.

मग रोज काही चाली होऊ लागल्या. शाल्मली फक्त आईवर चाल करून जाई. का, ते आप्पांनी विचारलं नाही. तिने आपला घोडा देऊन आईचा घोडा मारला आणि म्हणाली, "बरोबरी झाली."

"तुझा एक गेला, तिचा एक गेला," आप्पा म्हणाले. "माझा?"

शाल्मलीने काळ्या सोंगट्या पाहिल्या. दोन्ही घोडे जागेवर होते.

"दोघांच्या खेळात एकाचं जेवढं नुकसान, तेवढा दुसऱ्याचा फायदा. तिघांत तसं नसतं. दोघं भांडतात, तेव्हा तिसरा बसल्या जागी मोठा होतो."

तरीही पुढच्या संधीला तिने आईचा वजीर मारला. तांबडा राजा कोपऱ्यात एकटा पडला. आईची पुढची चाल फार उशिरा आली. तिने नुसतं एक प्यादं सरकवलं होतं, आणि या वेळी सोबत निरोप नव्हता.

शाल्मली पटासमोर बसली. तिने आप्पांच्या सोंगट्या एकेक करून तपासल्या आणि तिच्या लक्षात आलं. आप्पांचा हत्ती तांबड्या राजाच्या रांगेत आला की खेळ संपला. राजाला सरकायला जागा नव्हती आणि मध्ये उभं राहायला आईकडे कुणी उरलं नव्हतं. आता चाल तिची होती, पण तिच्यानंतरची आप्पांचीच होती.

"तुम्ही मात देणार आहात," ती म्हणाली.

"देणार," आप्पा शांतपणे म्हणाले. "संधी तूच दिलीस."

 मग तिने आपला उंट उचलला, मध्यापर्यंत आणला आणि आईकडची वाट घेतली. तांबड्या राजाच्या रांगेत, आईच्या प्याद्याच्या आधाराने तो उभा राहिला. आता हत्तीची वाट अडली होती, आणि हत्तीने उंट मारलाच तर ते प्यादं हत्तीला मारणार होतं.

आप्पांनी हत्तीकडे नेलेला हात मागे घेतला आणि दुसरीकडे एक प्यादं हलवलं.

संध्याकाळी आईचा आवाज आला, थोडा खरखरीत. "शालू, तुझा उंट माझ्या राजाला राखतोय. चुकून आला का गं?"

शाल्मलीने ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं. 

"चुकून नाही," ती म्हणाली. "तू हरलीस तर मीही हरते, असा नियम आहे. आणि नियम नसता तरी... आई, इथे फार शांत असतं गं. मी तुझ्यावर रागावले होते. अजून थोडी आहे."

मग तिला बोलणं थांबवता येईना. वेधशाळेतल्या सपक वरणाबद्दल, खिडकीबद्दल, चंद्रकंपाच्या वेळी टेबलावर थरथरणाऱ्या पेल्याबद्दल ती सांगत राहिली. आप्पा उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थांबले.

संदेश निघाला. शाल्मली पटाशी एकटीच बसली. यान पुढच्या वर्षी माघारी वळणार होतं. मग प्रकाशाला कापायचं अंतर कमी होत जाणार होतं, आणि आईची प्रत्येक चाल आधीच्यापेक्षा थोडी लवकर येणार होती.