दाराबाहेरचे लाल बूट

“घ्या, घ्या माझ्या बॅगेची झडती!” मिरीने बॅग पलंगावर उपडी केली. फ्रॉक, कंगवा, चघळलेली पेन्सिल, सगळं बाहेर आलं. लाल बूट मात्र निघाले नाहीत.

“अगं, कोणी तुझं नाव घेतलंय का?” आई म्हणाली. पण बोलताना तिने नजर चुकवली, ते मिरीने बरोबर टिपलं.

दोन्ही कुटुंबं परदेशात सुट्टीला आल्यापासून मावसबहीण छबीच्या लाल बुटांवर मिरीचा डोळा होता. “मलाही तसेच हवेत!” म्हणून काल तिने भर रस्त्यात भोकाड पसरलं होतं. आणि रात्री पहिल्यांदाच दाराबाहेर काढून ठेवलेले बूट आज गायब! सोबत छबीच्या बाबांचे, म्हणजे काकांचे, तपकिरी बूटही गेले होते. पण संशय मिरीवरच.

खरं तर बूट हे निमित्त होतं. मिरी जळत होती ती छबीवर. छबी शाळेत इथली भाषा शिकलेली. पाव आणायचा, छबी पुढे. बसचं विचारायचं, छबी पुढे. “छबी आहे म्हणून निभावतंय हो!” असं कोणी म्हटलं, की मिरीच्या पोटात दुखायला लागायचं.

समोरच्याच घरात घरमालकीणबाई राहायच्या. त्यांच्याकडे तक्रार करायला काका निघाले. छबीला हाक मारली, तर तिचं नेमकं डोकं दुखायला लागलं. मग काकांनी स्वतःच नुसते मोजे दाखवून “बूट गेले! गेले!” असे हातवारे केले. बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून प्रेमाने दाबला आणि गोड हसल्या.

“बिचाऱ्या धीर देतायत,” काका म्हणाले. “नाश्ता झाला की पोलिसांत जाऊ!”

मिरीने धाकट्या भावाला, पिंट्याला, कोपऱ्यात ओढलं. “कोणाचे बूट चोरीला गेल्यावर माणूस एवढं खूश होतं का रे?”

“चोराला होतो की आनंद!” पिंट्या म्हणाला.

“मग लावू या सापळा!”

तिने आपल्या चपला दाराबाहेर ठेवल्या. पिंट्या स्टुलावर चढून दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा राहिला. मोठी माणसं चहा पीत चोरांविषयी तावातावाने बोलत होती, त्यामुळे कोणाचं लक्षच नव्हतं.

“आल्या! बाई आल्या! तायडे, त्यांनी चपला उचलल्या!”

दोघं जिन्यावरून धडाधड धावली. आवाज ऐकून छबीही मागोमाग आली.

तळमजल्यावर जिन्याखाली एक मांडणी होती. तिच्यावर कोणाकोणाचे जुने कोट, खेळणी, दिव्याची छत्री होती. येणारी-जाणारी माणसं त्यातलं हवं ते खुशाल उचलून नेत होती! बाईंनी मिरीच्या चपला तिथे नीट जोडीने मांडल्या. काकांचे बूट तिथेच पडून होते. ते कोणालाच नको होते. पण लाल बूट एका मुलीच्या पायात होते आणि ती निघाली होती.

‘जाऊ देत!’ मिरीच्या मनात आलं. ‘बसू दे छबीला रडत!’ क्षणभर फार गार वाटलं. पण बूट गेले की चोरीचा ठपका जन्मभर आपल्यावर!

“थांब!” ती किंचाळली.

बाई भराभरा काहीतरी बोलू लागल्या.

“काय म्हणतायत?” मिरीने विचारलं.

छबीचे डोळे भरून आले. “नाही कळत मला. इतकं भरभर नाहीच कळत. पहिल्या दिवशी त्या उंबऱ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, तेव्हाही नव्हतं कळलं.”

“मग ‘स्वागत करतायत’ असं का सांगितलंस?”

“सगळे माझ्याकडे बघत होते ना!”

मिरीला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पण ती मुलगी थांबली होती, वेळ नव्हता.

“पिंट्या, तू दार हो!”

पिंट्या हात ताणून दार झाला. मिरीने मांडणीवरच्या आपल्या चपला पायात घातल्या, मग काढून त्या दाराबाहेर ठेवल्या, आत गेली, गालाखाली हात घेऊन घोरली, उठली, बाहेर आली आणि चपला घालून ऐटीत चालायला लागली.

बाईंनी कपाळावर हात मारला! आता मुलांनाही उलगडलं: नको असलेली वस्तूच इथे दाराबाहेर ठेवतात. पाहुणे मोठे दानशूर म्हणून त्या खूश होत्या! त्या मुलीने हसत बूट काढून दिले, तेव्हा बाईंनी तिला मांडणीवरची दुसरी जोडी शोधून दिली.

वर आल्यावर सगळा प्रकार ऐकून आईने मिरीला जवळ ओढलं. “चुकलंच गं माझं.”

“शाबास मिरे! कमाल केलीस!” काका म्हणाले.

“बाईंनी आधी सांगितलं होतं, आपल्यालाच कळलं नाही,” मिरी घाईघाईने म्हणाली.

“आपल्याला नाही, मला!” छबी पुढे आली. “मी काहीतरी ठोकून दिलं. माझ्यामुळे मिरीवर आळ आला.”

 मग काका गहिवरून म्हणाले, “खरं बोललीस पोरी! किती धीट आहेस!” मावशीने डोळे पुसले, आईने छबीची पाठ थोपटली.

मिरीच्या अंगाचा तिळपापड झाला. कोडं सोडवलं कोणी आणि कौतुक कोणाचं! ती तरातरा गॅलरीत जाऊन बसली.

थोड्या वेळाने छबी शेजारी येऊन टेकली. “मिरे, मला तुझा हेवा वाटतो.”

“माझा?”

“तू सगळ्यांसमोर घोरून दाखवलंस! मला मेले तरी जमलं नसतं. मला तर ‘येत नाही’ एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.”

मिरी तिच्याजवळ सरकली.

“पुन्हा एकदा म्हण बरं!”

छबीने पुन्हा म्हटलं. मिरीने डोळे मिटून नीट ऐकून घेतलं.