पाठीवरचा पुरावा

मोहीम दुपारी तीनच्या आत डोंगरापलीकडे पोहोचायलाच हवी होती. न्यायचा माल गणराजच्या पाठीवर होता, अगदी कातडीवर. वेताचे दहा वळ.

निवासी शाळेचा कारभार मोठा शिस्तशीर. पालकभेटीच्या आधी दहा दिवस छडी कपाटात जाई, तोवर वळ मावळत, मुलं तेल लावून चकचकीत होत आणि पालक "किती सुधारला हो!" म्हणत घरी परतत. रेक्टरसर स्वतः कुणालाच हात लावत नसत. ज्याला शिक्षा, त्याला त्याच्याच जिवलग दोस्तानं मारायचं. हात हलका पडला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून! माहितीपत्रकात याला 'मैत्रीतून मूल्यशिक्षण' म्हटलं होतं.

काल भातातली अळी सरांना दाखवल्याबद्दल गणराजला मूल्यशिक्षण मिळालं. ते दिलं ओजसनं. पुन्हा मोजणी नको म्हणून सगळा जोर लावून. तेव्हापासून गणराज त्याच्याशी बोललाच नव्हता. आज जेवणानंतर एवढंच म्हणाला, "वाट तुला ठाऊक हाय. चल."

गणराजचे वडील ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला. तीनला ते गेटच्या आत गेले, की थेट अकराला बाहेर; तोवर शाळेनं पोरांना पकडून आणलंच असतं. रस्त्यावर शाळेची गाडी फिरे. उरला डोंगर.

घाणेरीची झुडपं अंगाएवढी. करवंदीचे काटे ओजसच्या पोटऱ्या सोलत होते. मुरूम पायाखालून सरके आणि दोन पावलं चढलं की एक पाऊल परत मिळे. खाली पत्र्यांच्या शेड उन्हात लकाकत होत्या, महामार्गावर ट्रकांची रांग मुंगीसारखी सरकत होती, आणि मागून ओरडा आला.

"थांबा रं! न्हाईतर तंगडी मोडीन!"

कुलदीप! दहावीचा मॉनिटर, हातात हॉकी स्टिक. खिंडीत त्यानं गाठलंच. पहिला फटका ओजसच्या गुडघ्यावर बसला. ओजस कोसळला. दुसरा फटका उगारला, तोच गणराजनं कुलदीपच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त! स्टिक दरीत गेली. कुलदीपनं गणराजचं डोकं खडकावर आपटलं. ओजसनं त्याच्या तोंडावर मूठभर मुरूम मारला.

आंधळा झालेल्या कुलदीपनं हाताला लागला तो दगड भिरकावला. तो पोरांना लागला नाही. वरच्या कड्याला लागला. आग्या मोहोळाला!

काळा ढग गरजत खाली आला.

"पड! उपडा पड!" गणराज ओरडला. त्यानं अंगातला शर्ट ओरबाडून काढला, ओजसच्या डोक्या-तोंडाला गुंडाळला आणि स्वतः त्याच्यावर पालथा पडला. उघड्या पाठीनं! ओजसला फक्त कण्हणं ऐकू येत होतं. प्रत्येक डंखाला वरचं अंग थरारत होतं.

ढग पांगला तेव्हा कुलदीप घळीत पडून होता. तोंड ओळखू येत नव्हतं.

"राहू दे त्याला," ओजस म्हणाला.

"मरंल की रे त्यो," म्हणत गणराजनं त्याचं बखोट धरलं.

तीनला दहा मिनिटं होती. गेटपाशी ज्योतीराम मोटरसायकल लावत होते. तीन रक्ताळलेली पोरं बघून त्यांच्या हातातला डबाच पडला. "शाळंत छडीनं मारलंय, हे बघा," म्हणत गणराजनं पाठ फिरवली. सगळी पाठ एकच लाल सूज झाली होती. त्यात वळ शोधणं म्हणजे चिखलात पाऊलखुणा शोधणं.

"ह्या तर माश्या चावल्यात, लेकरा. छडी कुठंय?"

ओजसच्या लक्षात आलं, आता तो स्वतः सुटला होता. त्याच्या नावावर एकही खूण उरली नव्हती.

"वळ आहेत, काका. दहा. मी मारले. पूर्ण जोरानं. सर मोजत होते."

ज्योतीरामांची मूठ वळली, सुटली.

"हात लई जड हाय रे तुझा," गणराज म्हणाला, आणि ओजसच्या खांद्यावर रेलला.

मागं कुलदीप सुजलेल्या बोटांनी शर्टाची बटणं काढत होता. त्याच्या पाठीवरचे वळ जुने होते, काळे पडलेले.

भोंगा झाला. ज्योतीराम गेटकडे गेलेच नाहीत.

"बसा. आधी दवाखाना. डॉक्टरला सगळं लिहून घ्यायला लावू. मग बघतो तुमच्या सरांकडं."

एका मोटरसायकलवर चौघं बसणं हा गुन्हाच. चौकातल्या हवालदारानं शिट्टी तोंडाला लावली, त्या पाठी बघितल्या आणि वाहतूक थांबवून वाट करून दिली.